होमस्कूलिंग करणाऱ्या मुलांना मे महिन्याची सुट्टी द्यायची का, आणि दिली तर शिकण्याचं काय?

प्रश्न नाशिकच्या एका आईचा आहे, थोडक्यात इथे देते. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६ ची, दोन वर्षांपासून दोघं घरीच शिकतायत. मे महिना लागला की सोसायटीतली सगळी पोरं दिवसभर खाली असतात आणि ही दोघं विचारतात, "आम्हाला सुट्टी का नाही?" सासूबाईंचं म्हणणं, शाळाच नाही तर सुट्टी कसली. त्यात नणंदेची दोन मुलं तीन आठवडे आजोळी राहायला येणार आहेत. आईने सगळं सांभाळायला म्हणून खेळातून शिकण्याचं टाईमटेबल केलं, सकाळी फ्लॅशकार्ड, मग गणिताचा बोर्ड गेम, मग एक वर्कशीट, आणि तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "हे झालं की आपण खेळू या का?" आता त्या विचारतायत की अभ्यासात खंड पडू नये आणि मुलांवर ताणही येऊ नये यासाठी कुठले शैक्षणिक खेळ विकत आणू.

ताई, कुठले खेळ ते सांगतेच, पण खरी अडचण तिथे नाहीये असं मला वाटतं. तुमच्या मुलाने ती एका वाक्यात सांगितलीय. तुम्ही खेळ म्हणून जे त्याच्यासमोर मांडलं तो त्याला अभ्यासच वाटला, आणि तो बरोबर आहे, कारण कधी सुरू करायचं, काय करायचं, कुठे थांबायचं हे सगळं तुम्ही ठरवलं होतं. मधेच "मला नाही खेळायचं" म्हणायची सोय जिथे नाही तो खेळ नाही, मग त्यात फासे असोत की रंगीत पत्ते. पीटर ग्रे नावाचे मानसशास्त्रज्ञ खेळाची हीच मुख्य खूण सांगतात, की खेळ सोडून जाता आला पाहिजे. मला मात्र हे वाचून कळलं नाही, माझ्या मुलीने शिकवलं, ते पुढे सांगते. तर तुमचा खरा प्रश्न मी असा वाचला, की मी ठरवलेलं नसताना आणि माझी नजर नसताना ही मुलं काही शिकतील यावर माझा विश्वास बसत नाहीये, काय करू? हा प्रश्न अगदी रास्त आहे. मी ११ वर्षं दोन मुलांना घरी शिकवतेय, त्याआधी ६ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि शाळेत शिकवलेल्या माणसाला हा विश्वास बसायला जरा जास्तच वेळ लागतो.

आधी सुट्टीचं बोलते. द्या. सरळ जाहीर करा की अमुक तारखेपासून १५ जूनपर्यंत सुट्टी. मुलं सुट्टी मागतात तेव्हा ती अभ्यासाला कंटाळलेली असतात असं नाही, बिल्डिंगमधल्या सगळ्यांकडे जे आहे ते आपल्याकडेही असावं एवढंच त्यांना हवं असतं. "तुम्हाला तर रोजच सुट्टी" हे वाक्य घरी शिकणारी मुलं वर्षभर ऐकतात, वॉचमनकडून, भाजीवाल्या मावशींकडून, लग्नकार्यात तर प्रत्येकाकडून. त्यांच्यासाठी सुट्टीला एक नाव असणं, एक तारीख असणं महत्त्वाचं आहे.

आणि दुसरं, जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. घरी शिकणाऱ्या मुलांना वर्षभर आपण बहुतेक सगळं देऊ शकतो, पुस्तकं देतो, माती देतो, झाडाखाली बसायला वेळ देतो, संग्रहालयात नेतो, पण एक गोष्ट आपल्याला कितीही पैसे टाकून देता येत नाही आणि ती म्हणजे टोळकं. एरवी शाळेतली मुलं साडेपाचला येतात, मग ट्यूशन, मग गृहपाठ, खेळायला मिळाला तर अर्धा तास. मे महिन्यात तीच मुलं सकाळी आठपासून दिवे लागेपर्यंत मोकळी, पाच वर्षांच्या चिमुरडीपासून तेरा वर्षांच्या दादापर्यंत सगळी एकत्र, आणि वर मोठ्या माणसांचं लक्ष नाही. शाळेत सुद्धा असं मिश्र वयाचं टोळकं मिळत नाही, तिथे नऊ वर्षांचा नऊ वर्षांच्यांबरोबरच बसतो. म्हणजे तुमच्या मुलांना जे सहा-सात आठवडे वर्षातून एकदाच मिळणारेत, त्यातले सकाळचे दोन तास तुम्ही फ्लॅशकार्डला दिलेत. ती कार्डं ऑगस्टमध्ये पण तिथेच असतील, पोरं नसतील.

टोळक्यात काय शिकतात विचाराल तर एकच गोष्ट जवळून बघा, लिंबू-टिंबू. तुमची सहा वर्षांची मुलगी डबा ऐसपैसमध्ये उतरली की मोठी मुलं तिला लिंबू-टिंबू करतील, म्हणजे ती लपेल, धावेल, ओरडेल, पण पकडली गेली तरी तिच्यावर राज्य येणार नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, कुणा बाईंनी शिकवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी मुलांना दिलेला आहे, आणि मला तो फार मोठा वाटतो. खेळ पण बिघडत नाही आणि लहानाला बाहेर पण काढलं जात नाही. ती तीन आठवडे लिंबू-टिंबू म्हणून सगळ्यांच्या मागे धावते, बघते, कोण कुठे लपतं, शर्ट बदलून राज्यवाल्याला कसं फसवतात, टॅम्प्लीज कधी घेतलेलं चालतं आणि कधी तो रडीचा डाव होतो, आणि मग एक दिवस स्वतःच येऊन म्हणते की मला आता लिंबू-टिंबू नका करू, माझ्यावर पण राज्य येऊ दे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या एका मुलीने हे सातव्या वर्षी सांगितलं, मी जिन्यात उभी होते. एकट्या सहा वर्षांच्या मुलांचा गट करून कुणी हे शिकवू शकेल असं मला वाटत नाही. तुमचा नऊ वर्षांचा दुसऱ्या बाजूला आहे, त्याला लहानांना सांभाळून पण जिंकायचंय, नियम असा लावायचाय की सगळे टिकतील, कारण सगळे रुसून घरी गेले तर खेळायचं कुणाबरोबर. लगोरीच्या सात ठिकऱ्या रचायला लागतात त्याहून जास्त वेळ चकायला आणि भांडायला जातो, आणि तो वेळ वाया गेलेला नाही हे कृपया लक्षात घ्या.

आता परिस्थितीनुसार काय बदलेल ते सांगते, कारण सगळ्यांना एकच सांगून चालणार नाही. तुमच्याकडे सोसायटी आहे, पोरं आहेत, आजी घरात आहे, भाचरं येणारेत, म्हणजे तुमची बाजू भक्कम आहे. आसपास मुलंच नसतील, एकुलतं एक मूल असेल, किंवा दोघंही नोकरीला जात असतील तर मी वेगळं सांगितलं असतं, तिथे आठवड्यातले दोन-तीन दिवस दुसऱ्या घरांबरोबर ठरवून एकत्र काढावे लागतात, एक दिवस आमच्याकडे एक दिवस तुमच्याकडे, नाहीतर मूल सुट्टीत अजूनच एकटं पडतं. विदर्भात असाल तर अकरा ते पाच बाहेर सोडायचा प्रश्नच नाही, तिथे शाळाही उशिरा उघडतात, मग पत्ते, पट आणि अंधारल्यावर अंगणातले खेळ. मूल लाजरं असेल तर त्याला ढकलून खाली पाठवू नका, भाचरांबरोबर जाईल हळूहळू. आणि मूल चौदा-पंधराचं असून एनआयओएसची, म्हणजे शाळेत न जाता देता येणारी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी देणार असेल तर त्यांच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा असतात, म्हणजे त्या घराची सुट्टी परीक्षेचं बघून ठरणार. तुमच्या नऊ आणि सहाच्या मुलांना यातलं काही लागू नाही.

माझी चूक सांगते, कारण तुम्ही त्याच वाटेवर आहात. माझी मुलगी आठची असताना चार भावंडं मिळून गॅलरीत व्यापार खेळत होती. बँक तिच्याकडे. पाचशेची नोट आली की एकशे ऐंशी वजा करून बाकीचे परत द्यायचे हे ती बोटांवर, मग पुटपुटत, मग नुसतं बघून करायला लागली होती, आणि वर्षभर मी तिच्याकडून हातच्याची वजाबाकी करून घेत होते तेव्हा ती रडायची. मला इतका आनंद झाला की मी जाऊन शेजारी बसले आणि विचारलं, "मग भाडं दुप्पट झालं तर किती होईल गं? आणि तिप्पट?" तिने उत्तर दिलं. मी अजून एक विचारलं. मोठ्या भाच्याने माझ्याकडे बघितलं, फासे खाली ठेवले आणि म्हणाला चला सायकली काढू. दोन मिनिटांत गॅलरी रिकामी, नोटा पसरलेल्या. त्या उन्हाळ्यात तो डाव परत मांडला गेला नाही, निदान मी घरात असताना तरी नाही. मुलीने रात्री एवढंच सांगितलं, "आई, तू आलीस की तो अभ्यास होतो." ते मला फार लागलं आणि लागलं ते बरंच झालं.

दोन वर्षांनी असाच प्रसंग आला तेव्हा मी शिकले होते. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व ट्यूब यांचे सांगाडे बनवायचे हा खेळ टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी गावोगावच्या मुलांपर्यंत पोचवलाय, पुष्कळांनी बघितला असेल. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, दोन टोकांत दोन काड्या खुपसल्या की सांधा तयार, काड्यांचं गुल आधी खरवडून टाकायचं. मी नुसतं सामान एका ताटात काढून ठेवलं आणि कांदा चिरत बसले. भाच्याने घर करायला घेतलं, चौकोनावर चौकोन. उभं केलं की एका अंगाला कलायचं. धरून सरळ करायचा, सोडलं की परत कलायचं. त्याने काड्या बदलल्या, ट्यूब बदलली, "ही ट्यूबच खराब आहे" म्हणाला. उत्तर माझ्या अगदी ओठावर होतं. माझा मुलगा तेव्हा सहाचा, तो आपला बाजूला काहीतरी करत होता, त्याचं तीन काड्यांचं काहीतरी झालं होतं आणि ते तो चिमटीत धरून दाबत होता, दाबलं तरी हलेना. "दादा हे बघ, हे लचकत नाही." भाच्याने ते हातात घेतलं, दाबलं, आपल्या घराकडे बघितलं, आणि चौकोनाच्या दोन कोपऱ्यांमध्ये एक तिरपी काडी घालायला गेला, ती पुरेना, मग दोन जोडून लांब केली. घर उभं राहिलं. चौकोन लचकतो, त्रिकोण लचकत नाही, ही गोष्ट मी शाळेत असताना फळ्यावर लिहून दिली असती आणि मुलांनी वहीत उतरवून घेतली असती. या दोघांनी नंतर आठवडाभर रस्त्याने जाताना मोबाईलचे टॉवर, मांडवाचे बांबू, पत्र्याच्या शेडच्या कैच्या दाखवल्या, "तिथे पण तिरपी काडी आहे." मी पूर्ण वेळ एक शब्द बोलले नव्हते, आणि खरं सांगते, सुट्टीतलं माझं सगळ्यात अवघड काम तेच असतं.

म्हणून कुठले खेळ विकत आणू याचं माझं उत्तर, शैक्षणिक लिहिलेलं काही आणू नका. त्यापेक्षा सामान ठेवा आणि जागा द्या. आमच्याकडे एक खोकं असतं, त्यात पत्त्यांचे दोन कॅट, खडू, सुतळी, सेलोटेप, बोथट कात्री, शिंप्याची टेप, एक भिंग, काड्या-ट्यूब, चिंचोके, सागरगोटे. मोठी पुठ्ठ्याची खोकी मी किराणावाल्याकडून एप्रिलपासून जमा करते. दोन जुन्या चादरी ज्या फाटल्या तरी चालतील. आणि घरातला एक कोपरा, जिथे मांडलेलं चार दिवस उचलायला लावायचं नाही. डहाणूजवळच्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करणाऱ्या अनुताई वाघांनी कुरणशाळा चालवली ते तुम्हाला माहीत असेल, गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच कुरणावर नेली, आणि त्यांच्या गुरू ताराबाई मोडक आणि त्यांनी मिळून बिया, पानं, शंख-शिंपले हेच शिकायचं सामान केलं. घरात पाच हजाराची किट आणायच्या आधी मला ते नेहमी आठवतं.

पत्त्यांबद्दल थोडं बोलते कारण दुपारी उन्हाच्या वेळी तेच चालणार. सहा वर्षांच्या मुलीसाठी बदाम सात. सातापासून वर आठ-नऊ आणि खाली सहा-पाच अशी पानं लावताना पुढचा आकडा आणि मागचा आकडा एकाच वेळी डोक्यात ठेवावा लागतो, आणि कुठलं पान अडवून धरायचं हे कळायला लागलं की ती दुसऱ्याच्या हातात काय असेल याचा विचार करायला लागते. नऊ वर्षांच्याला पाच-तीन-दोन. तीनच जणं लागतात, तीस पानं, प्रत्येकाला दहा, एकाने पाच हात करायचे, एकाने तीन, एकाने दोन, कमी पडले तर पुढच्या डावात जास्त करणारा तुमच्याकडून पान ओढणार. हुकूम कुठला बोलायचा हे पहिल्या पाच पानांवर ठरवायचं असतं, म्हणजे अर्धी माहिती असताना निर्णय घ्यायचा. मी यावर वर्कशीट कशी बनवणार? झब्बू सगळ्यांना चालतो. फक्त हरल्यावर पत्ते फेकले तर काय, हे त्यांचं त्यांना ठरवू दे, एक-दोनदा खेळ बंद पडेल, तिसऱ्यांदा तेच नियम करतील.

तुमच्या सासूबाईंना यात ओढा. "शाळा नाही तर सुट्टी कसली" म्हणणाऱ्या आजीला समजावून सांगायला गेलात तर वाद होईल, त्यापेक्षा तिला सागरगोटे द्या. आमच्या सासूबाईंनी पहिली तीन वर्षं माझ्याशी या विषयावर धड बोलणं केलं नव्हतं, आणि एका मे महिन्यात नातवंडांना झेल शिकवायला बसल्या तर उठेचनात, एक वर टाकायचा आणि तो खाली यायच्या आत जमिनीवरचे दोन उचलायचे, सत्तरीतला हात चुकत नव्हता आणि दहा वर्षांच्यांचा चुकत होता. त्यांचं गाव, त्यांचा वाडा, पट खेळताना कवड्यांचं दान कसं मोजतात, हे सगळं त्यातूनच बाहेर आलं. विरोध पूर्ण मावळला असं नाही म्हणणार, पण त्या वेळेपासून त्या आमच्या बाजूला बसायला लागल्या.

आणि उन्हाळी कामं. तुमच्याकडे कुरडया होत असतील तर मुलांना त्यात घ्या, काम म्हणून घ्या, शिकवायला म्हणून नको. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं ते त्यांच्याकडे द्या, वास बदलतो ते त्यांनाच कळेल. वाटून गाळून ठेवलेलं दूध रात्रभर हलवलं नाही की सकाळी वर निवळ पाणी आणि खाली घट्ट चीक. माझी मुलगी सातची असताना पातेल्यात डोकावून म्हणाली, "काल सगळं पांढरं होतं, हे वेगळं कुणी केलं?" मी म्हटलं कुणीच नाही, नुसतं ठेवून दिलं होतं. तेवढ्यावर ती गेली, आणि दुपारी गच्चीवर चार बाटल्यांत माती, वाळू, राख आणि काय काय पाण्यात हलवून ओळीने ठेवलेलं सापडलं. दोन दिवस कुणी हात लावायचा नाही असा हुकूम होता. तिसऱ्या दिवशी तिने मला बोलावून थर दाखवले. जखमेला लावायच्या आयोडीनच्या औषधाचा एक थेंब चिकावर टाकला की निळा-काळा होतो हे मी तेव्हा दाखवलं, कारण तिने विचारलं होतं की हा चीक म्हणजे नक्की काय आहे. मुलाने विचारलं तर मनापासून, पूर्ण सांगायचं. आपण होऊन सांगायला जायचं नाही. एवढा एक फरक मी पाळते.

एका बाबतीत मात्र मी स्वतः पुढाकार घेते, शून्य सावलीचा दिवस. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यात जेव्हा ढगांमुळे दिसत नाही. पुण्यात तो १३-१४ मेला, नाशिकला २० मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास. गच्चीत एक सरळ बाटली उभी करा, सव्वाबारापासून पोरांना खडूने सावलीचं टोक आखू द्या. आमच्याकडे दहा-बारा पोरं गोळा होतात, पाय भाजतात म्हणून पोत्यावर उभी राहतात, आणि ती सावली बाटलीच्या बुडात गेली की जो गलका होतो तो तुम्ही ऐकाच. कुणीतरी विचारतंच की उद्या का नाही, परवा का नाही. तर दुसऱ्या दिवशी परत बाटली ठेवायची.

कंटाळ्याचं सांगायचं राहिलं. पहिले तीन-चार दिवस "आई कंटाळा आला" येईल, तुमचं टाईमटेबल काढून घेतल्यामुळे जरा जास्तच येईल. लगेच काही सुचवू नका. माझ्या अनुभवात अर्धा-पाऊण तास कंटाळू दिलं की काहीतरी सुरू होतं, आणि आपण सुचवलेलं कधीच इतका वेळ टिकत नाही. फक्त त्या अर्ध्या तासात मोबाईल हातात असेल तर काहीच सुरू होत नाही, म्हणून त्याची वेळ ठरलेली ठेवा, आमच्याकडे रात्रीच्या जेवणाआधी एक तास, भाचरांनाही तोच नियम, आणि तो नणंदेशी आधी बोलून घ्या नाहीतर तुम्ही वाईट ठराल.

एक दुखरी जागा येईल त्याची तयारी ठेवा. भाचा तुमच्या मुलाला विचारेल, "तुला सतराचा पाढा येतो का?" किंवा नाव-गाव-फळ-फूल खेळताना शाळेतली मुलं भराभर लिहितील आणि तुमचा मागे पडेल, घरी शिकणारी पुष्कळ मुलं लिहायला उशिरा वेग पकडतात. माझ्या मुलाचं हे झालंय, तो उठून आत गेला होता. मी त्या क्षणी काही बोलले नाही, दुसऱ्या दिवशी खेळ जोडीचा केला, एक सांगणार एक लिहिणार, आणि त्याला झाडांची आणि गावांची नावं इतकी माहीत होती की मोठी मुलं त्याला आपल्या जोडीत घ्यायला बघत होती. पाढ्याचं म्हणाल तर त्याला रात्री विचारा की शिकायचाय का. हो म्हणाला तर शिकवा, सुट्टी असली तरी, कारण आता ती त्याची गरज आहे. नाही म्हणाला तर जून आहे.

मुलांच्या भांडणात कधी पडायचं? रक्त, उंची, पाणी, रस्ता, इथे लगेच. आणि एकाच मुलावर रोज राज्य येतंय, तीन दिवस झाले तरी सुटत नाहीये, चकताना बाकीच्यांचं आधीच ठरलेलं दिसतंय, असं असेल तर तिथेही पडायचं, तो खेळ राहिलेला नसतो. बाकी सगळं वर गॅलरीतून ऐकायचं आणि गप्प बसायचं.

समर कॅम्पला माझा फारसा पाठिंबा नाही, तिथे परत वेळापत्रक आणि एकाच वयाची मुलं. पोहणं मात्र नक्की शिकवा, नऊ हे वय चांगलं आहे, आणि गावी विहीर आणि शिकवणारा काका असेल तर त्याहून चांगलं.

आता खंड पडेल ही भीती. पडतो, जूनमध्ये काही गोष्टी विसरलेल्या असतात. दरवर्षी मी हेच बघितलंय, की जे समजून आलं होतं ते आठवड्याभरात परत येतं आणि जे नुसतं घोकलं होतं ते गेलेलं असतं, आणि ते कुठलं हे कळणं मला पुढच्या वर्षाच्या नियोजनाला उपयोगीच पडतं. मुलगी सहाची आहे, वाचायला लागली असेल, तर रात्री झोपताना गोष्ट वाचणं चालू ठेवा, तो अभ्यास नाही, ते जवळ घेणं आहे.

तुमच्या मनाच्या शांतीसाठी एक वही करा. रोज रात्री तीन ओळी, आज काय खेळले, काय विचारलं, कशावरून भांडले. मुलांना दाखवायची नाही, त्यांच्याकडून लिहून घ्यायची नाही, आणि त्यापुढे विषयांची नावं पण लिहायची नाहीत. पहिल्या आठवड्यात वाटेल की लिहायला काहीच नाही. तिसऱ्या आठवड्यात पान पुरत नाही. सासरेबुवा किंवा मिस्टर विचारतील की मुलं दिवसभर करतात काय, तेव्हा वही पुढे ठेवा, मला आजवर दुसरं काही समजवावं लागलेलं नाही.

१५ जूनला शाळा उघडली की खालचं अंगण एकदम रिकामं होईल, तो दिवस तुमच्या मुलांना जड जातो, त्या दिवशी पुस्तक काढू नका. आम्ही त्या दिवशी डबा घेऊन दिवसभर बाहेर जातो, पहिल्या पावसाच्या आशेने. अभ्यास दोन दिवसांनी, आणि सुरुवात त्या वहीतल्या एखाद्या प्रश्नापासून, जो मे महिन्यात अर्धवट राहिला होता.

भाचरं आली की पहिला आठवडा कसा गेला ते इथे लिहा, आणि मुलगी अजून लिंबू-टिंबू आहे की तिने राज्य मागितलं तेही कळवा.